हरभऱ्यातलं टेंपरवारी ग्रीन

आमच्या साडभाऊंच्या वावरात सहा खड्डे आहेत आणि त्या सहाही खड्ड्यांना विलायतेचे नियम लागू आहेत. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या रस्त्याला लागलं की संत्र्याचे बगीचे सुरू होतात. त्यातल्या एका बगीच्याला खेटून हे वावर. पावसाळ्यात तिथे सोयाबीन असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालं, की सगळे शेजारीपाजारी वखरपाळी घालून हरभऱ्याच्या मागे लागतात. साडभाऊ त्यांच्या वाट्याच्या पट्ट्यात गोल्फ पेरतात.

साडभाऊ फौजेतले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी एका छावणीतल्या गोल्फ मैदानाची राखण करण्यात घालवली. निवृत्त होताना साहेब लोकांनी त्यांना पाच जुन्या काठ्या, पिशवीभर पिवळे पडलेले चेंडू आणि नियमांचं एक पुस्तक भेट दिलं. काठ्यांच्या मुठी झिजलेल्या, चेंडूंवर चरे पडलेले, पुस्तक मात्र कोरं करकरीत. साहेब लोक कसे खेळत असतील याचा अंदाज मला तिथेच आला. साडभाऊंनी ते पुस्तक पाठ केलं.

गोल्फ हा आपल्या मातीतला खेळ नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. साडभाऊ उसळलेच. "कसा नाही? परतवाडा म्हणजे इंग्रजाची छावणी. १८२३ साली तो रॉबिन्सन कॅप्टन चिखलदऱ्यावर चढला. सहा वर्षांनी कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. बसवा हिशेब."

"पण भाऊ, पुरावा?"

"पुरावा मास्तरले लागते. फौजीले अंदाज पुरते."

नियमांचं म्हणाल तर १७४४ साली स्कॉटलंडातल्या लीथ गावी या खेळाची पहिली लेखी कलमं झाली, ती अवघी तेरा. तेवढ्यात लोकांचं भागत होतं. मग शहाणी माणसं बसली आणि कलमं चौतिसावर गेली. २०१९ साली ती कमी करून चोवीस केली आणि २०२३ साली त्यात पुन्हा एक घातलं. कमी केली म्हणजे आपल्याकडे सातबारा ऑनलाइन झाला तशी: कागद एक, आणि त्यातलं काय खरं हे विचारायला चकरा त्याच. प्रत्येक कलमाला पोटकलम, पोटकलमाला अ, ब, क, आणि या सगळ्याच्या वर 'लोकल रूल', म्हणजे स्थानिक कमिटीला योग्य वाटेल तो नियम. आमच्याकडे कमिटी म्हणजे साडभाऊ.

रोज चारच्या सुमारास मंडळ जमतं. सागवानाच्या डेपोत हयात गेलेले एक निवृत्त फॉरेस्टर, संत्र्याचे एक दलाल, औषधाचं दुकान मुलाच्या स्वाधीन करून मोकळे झालेले एक शेठ, मी आणि सालदार. सालदार खेळत नाही. तो काठ्या वाहतो, चेंडू शोधतो, आणि खेळ कळतो तो फक्त त्यालाच. नियमानं प्रत्येक खेळाडूला चौदा काठ्या बाळगता येतात. आमच्यात सगळ्यांत मिळून पाच, शिवाय फॉरेस्टरसाहेबांनी स्वतः तासलेली एक सागवानी. डेपोच्या सवयीनं त्यांनी तिच्यावर नंबर आणि घनफूट दोन्ही लिहून ठेवलं आहे.

माझ्या खेळाबद्दल मी काय सांगावं! मी काठी मारली की ढेकूळ लांब जातं. कधी कधी तर फार सुंदर, उंच आणि सरळ जातं, मंडळी मान वर करून बघत राहतात. चेंडू पायाशीच असतो. ढेकळाचं अंतर धरता येईल का, असं मी साडभाऊंना विचारलं होतं. त्यांनी पुस्तक उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ढेकूळ म्हणजे सुटी नैसर्गिक वस्तू. तुमी ते हटवू शकता. खेळू नाही शकत."

आता ग्रीन. ज्या गुळगुळीत हिरवळीवर झेंडा असतो आणि जिथे चेंडू हळूच खड्ड्यात ढकलायचा असतो, ते ग्रीन. वऱ्हाडात हिवाळी हिरवळ जगवायला जेवढं पाणी लागतं तेवढं पाणी संत्र्याला पुरत नाही, तर खेळाला कुठून आणायचं? कोरड्या मुलखातल्या छावण्यांत यावर उपाय आहे. तिथे वाळूत तेल मिसळून ती दाबून घेतात आणि त्याला 'ब्राउन' म्हणतात. साडभाऊंनी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डब्यात जमवायला सुरुवातही केली होती. ताईंनी (म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, माझ्या थोरल्या मेहुणीनं) तो डबा पाहिला.

"हे तेल वावरात ओतता? ढोरं चरते तठी!"

"मंग ग्रीन कशाचं करू?"

ताईंनी उत्तर दिलं नाही. शेण आणि पांढरी माती कालवली आणि सहा वर्तुळं सारवून दिली. सारवण वाळलं तेव्हा आम्ही वाकून पाहिलं: बोटांच्या अर्धगोल रेषा एकीत एक, बाहेरून आत. टीव्हीवरचे गोल्फवाले ग्रीनचा उतार ओळखायला पोटावर पालथे पडतात. आम्हाला त्याची गरज नाही. ताई उजव्या हातानं सारवतात, म्हणून आमच्या सहाही ग्रीनवर चेंडू शेवटच्या वितीत डावीकडे वळतो. एकदा ताईंचा उजवा हात दुखावला आणि त्यांनी डाव्या हातानं सारवलं. त्या आठवड्यात सगळ्यांचा खेळ बिघडला आणि शेठनी स्वतःच्या दुकानातून मलम आणून दिलं, तेही फुकट.

खड्ड्याचाही नियम आहे. तोंड सव्वाचार इंचाचं, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि खोली निदान चार इंच. हे माप १८९१ साली स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबनं कायम केलं. त्याच्याही आधी मसलबरा नावाच्या गावी कुणीतरी सांडपाण्याच्या पाइपाचा तुकडा वापरून खड्डे पाडले आणि तेच माप पुढे चालू राहिलं, असं सांगतात. साडभाऊंना ही गोष्ट फार आवडते, कारण त्यांच्याजवळ पाइप आहे. ओलिताचा, पीव्हीसीचा, ११० मिलिमीटरचा. पण आतल्या नळीचा बाहेरचा व्याससुद्धा १०८ च्या वर जाता कामा नये, असं कलम निघालं. दोन मिलिमीटरसाठी साडभाऊ ओट्यावर बसून कानशीनं पाइप घासत होते.

मी म्हटलं, "भाऊ, दोन मिलिमीटर जास्त असल्यानं माझा चेंडू आत जाईल, असं थोडंच आहे?"

"तुमचा नाही जात," ते कानस न थांबवता म्हणाले, "पण नियम नियम आहे."

नियमाचा पहिला हिसका मात्र आम्हाला नाही, बगीचेवाल्याला बसला. मैदानाची हद्द पांढऱ्या खुंट्यांनी दाखवतात. खुंटीपलीकडे चेंडू गेला की एक फटका दंड आणि पुन्हा मूळ जागेवरून खेळायचं. साडभाऊंनी धुऱ्याच्या आतल्या अंगाला एका सकाळी पांढऱ्या खुंट्या ठोकल्या. वऱ्हाडात धुऱ्यावर खुंटी ठोकणं म्हणजे काय, हे मी वऱ्हाडी वाचकाला सांगायला नको. दुपारी बगीचेवाला नकाशाची सुरळी काखेत मारून हजर.

"मोजणी कोणी आणली?"

"मोजणी नाही हो, गोल्फ हाय."

"हे गोल्फ कोणत्या खात्याचं?"

"खेळ हाय. बाल तुमच्या अंगाला गेला तर आमालेच दंड."

"आज खुटी ठोकता, उद्या तार लावान, परवा अमरावतीले जान. म्या काय नवा हाय काय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं धुऱ्याच्या त्याच्या अंगाला आपल्या खुंट्या ठोकल्या. लांबून दिसाव्यात म्हणून लाल रंगवल्या. आता या खेळात लाल खुंटीचा अर्थ वेगळा आहे. ओढा, तळं अशा जागेला लाल खुंट्या लावतात, आणि तिथे चेंडू गेला तर एक फटका दंड भरून जवळपासूनच खेळता येतं, मागे जावं लागत नाही. बगीचेवाल्यानं बिचाऱ्यानं रागाच्या भरात अख्ख्या संत्र्याच्या बागेला तळ्याचा दर्जा दिला होता. आमच्या दलालांचे चेंडू नेहमी तिकडेच जातात. (धंद्याच्या नजरेनं जात असावेत, मृग बहर कसा लागला आहे हे त्यांना त्या निमित्तानं बघता येतं.) ते लगेच म्हणाले, "मी लाल खुटीवर जातो. पांढरी आपल्याले मान्य नाही." साडभाऊ त्या रात्री झोपले नाहीत. बगीचेवाला मात्र तेव्हापासून सापडलेला एकही चेंडू परत करत नाही. धुऱ्याचा दावा लागला तर पुरावा म्हणून लागतील म्हणतो.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. खरा गुंता हिवाळी ग्रीननं केला.

स्कॉटलंड-इंग्लंडात थंडीत दंव गोठतं. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पातं आतल्या आत तुटतं आणि मागून तिथे काळपट पाउलं उमटतात. ग्रीन महिनाभर खराब. म्हणून तिथले क्लब थंडीत असली ग्रीन बंद ठेवतात, अलीकडे मोकळ्यावर थोडं गवत बारीक कापतात, एक खड्डा पाडतात आणि झेंडा तिकडे नेतात. हे टेंपरवारी ग्रीन.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" मी विचारलं.

"बर्फ नाही पडत. हरभरा पडते."

गोष्ट खरी होती. वावराचा सातबारा अजून समाईक आहे. साडभाऊंच्या धाकट्या भावानं कार्तिकात आपल्या वाट्याला हरभरा पेरला, आणि वाट्याची रेघ जिथून गेली तिथे पहिलं आणि दुसरं ग्रीन होतं. भाऊ सज्जन. शेणानं सारवलेल्या जागेवर तिफण कशी घालायची म्हणून त्यानं ती दोन वर्तुळं तेवढी सोडली आणि चहूबाजूंनी पेरून टाकलं. मग साडभाऊंनी अलीकडे, आपल्या हद्दीत, दोन टेंपरवारी ग्रीन केली. ताईंनी तीही सारवून दिली; देताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सारा वावरच सारवून देतो, मंग तुमी लोळा त्याच्यात."

मार्गशीर्षात हरभरा वीतभर झाला आणि एका संध्याकाळी दलालांचा चेंडू पहिल्या टेंपरवारी ग्रीनवरून उडून पलीकडच्या जुन्या ग्रीनवर जाऊन थांबला. बरोबर मधोमध. गुळगुळीत, वाळलेल्या, टणक सारवणावर. दलाल खुशीत आले. "वा! इथून तर म्या डोळे मिटून मारतो." त्यांनी सागवानी मागवली.

"थांबा," साडभाऊ म्हणाले. "ते चुकीचं ग्रीन आहे."

"चुकीचं कसं? तुमीच सारवलं."

"कलम तेरा. टेंपरवारी ग्रीन चालू असलं का असली ग्रीन चुकीचं होते. त्याच्यावरून खेळायची मनाई हाय. रिलीफ घ्या लागते."

"मले नको रिलीफ. मी अठी मजेत हाय."

"घ्याच लागते. फुकट हाय, दंड नाही."

दलाल सावध झाले. "फुकट म्हटलं का मले भेव वाटते. काय करा लागते?"

कलम असं आहे, की चेंडू आणि उभं राहायची जागा दोन्ही ग्रीनच्या बाहेर येतील असा सर्वांत जवळचा ठिकाणा शोधायचा, तो खड्ड्याच्या जवळ सरकता कामा नये. तिथून पटर सोडून आपल्याजवळच्या सर्वांत लांब काठीइतकी जागा मोजायची आणि त्यात चेंडू टाकायचा. टाकायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून. २०१९ पर्यंत खांद्याच्या उंचीवरून टाकत, मग बदललं. फॉरेस्टरसाहेबांचे दोन्ही गुडघे नागपूरला बदलले आहेत, म्हणून त्यांनी विचारलं, की नियमात जुना गुडघा धरायचा की नवा. साडभाऊंनी ते टिपून घेतलं.

ठिकाणा निघाला. तो हरभऱ्यात होता. ज्या माणसाचा चेंडू अंगणासारख्या जागी होता, त्याला फुकट मदत देऊन झुडपात उभं करण्यात येत होतं.

"ही मदत हाय का शिक्षा?" दलालांनी मला विचारलं. मी मास्तर म्हणून त्यांना माझ्याकडून न्यायाची अपेक्षा होती. मी सालदाराकडे पाहिलं. सालदार डोंगराकडे बघत होता.

तेवढ्यात धुऱ्यावरून भावाची हाक आली. "पिकात पाय नाही टाकायचा! फुलावर हाय!"

साडभाऊ डगमगले नाहीत. पेरलेली जागा राखण्यासाठी कमिटीला ती 'नो प्ले झोन' ठरवता येते, आणि तिथे चेंडू गेला तर तिथूनही रिलीफ घ्यावीच लागते. त्यांनी तिथल्या तिथे कमिटीची सभा घेतली, ठराव मंजूर केला आणि हरभरा नो प्ले झोन झाला. दलालांनी हरभऱ्यातून रिलीफ घेतली. हरभऱ्याच्या बाहेरचा सर्वांत जवळचा ठिकाणा शोधला. तो जुन्या ग्रीनवर होता.

ग्रीनवरून खेळायची मनाई. रिलीफ. हरभरा. हरभऱ्यातून खेळायची मनाई. रिलीफ. ग्रीन. अंधार पडेपर्यंत दलाल आठ हातांच्या जागेत काठीनं मोजत, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू टाकत इकडून तिकडे येत-जात राहिले. फटका एकही झाला नाही, दंड एकही नाही, सगळं फुकट. फॉरेस्टरसाहेब म्हणाले, की असं त्यांच्या पेन्शन केसमध्ये झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दलाल अभ्यास करून आले. वादात हार न जाणं हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे. "तुमच्या पुस्तकात जनावराचं शेण सुटी वस्तू धरलं हाय. खरं का नाही?"

"खरं."

"म्हणजे मले ते कुठूनही दंड न देता उचलता येते?"

"येते."

"मंग म्या हे ग्रीनच उचलतो." आणि त्यांनी खुरपं काढलं.

साडभाऊ पांढरे पडले. कलमाप्रमाणे माणूस बरोबर होता. ग्रीनमध्ये शेणाशिवाय होतं काय? पुस्तकाची पानं फडफडली आणि अखेर एक शब्द सापडला: वस्तू जमिनीला चिकटलेली नसावी. सारवण चिकटलेलं असतं. खुरपं म्यान झालं. फॉरेस्टरसाहेबांचं म्हणणं, सारवणाची खपली निघाली तर ती मात्र उचलता आली पाहिजे. तेवढं मान्य झालं, आणि पुढे कितीतरी संध्याकाळी दलाल ग्रीनवर वाकून नखानं खपली सुटते का ते बघत असत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं ताणायचं कशाला? पण साडभाऊंजवळ याला दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, लंडनजवळच्या रिचमंड गोल्फ क्लबनं बॉम्बवर्षावासाठी टेंपरवारी नियम काढले होते. गोळीबार चालू असताना आसऱ्याला गेलात तर दंड नाही. न फुटलेल्या बॉम्बजवळ लाल झेंडी लावलेली असेल. अंतर बेताचं सुरक्षित ठेवलं आहे, हमी नाही. आणि ऐन फटक्याच्या क्षणी बॉम्ब फुटून काठी चुकली तर दुसरा चेंडू खेळता येईल, पण एक फटका दंड. साडभाऊ हे वाचून दाखवतात तेव्हा त्यांचा कंठ दाटून येतो. डोक्यावर जर्मन विमान आणि माणूस दंड भरतो आहे! याला म्हणायचं खेळ.

म्हणून आमच्याकडेही तुळशीच्या लग्नानंतर सुतळी बॉम्बचा नियम लागू होतो. रस्त्याच्या कडेला मंगल कार्यालय आहे, वरात कोणत्याही क्षणी निघते. फटक्याच्या वेळी बॉम्ब फुटला तर पुन्हा खेळा, दंड एक. डीजेला दंड नाही, कारण तो थांबतच नाही. मेळघाटचा डोंगर इतका जवळ, की रात्री रानडुकरं येऊन जातात. त्यांनी उकरलेल्या खड्ड्यात चेंडू गेला तर जनावराचं बीळ म्हणून फुकट रिलीफ. चेंडू धावत्या रोह्याला लागला तर दंड नाही, थांबेल तिथून खेळायचा. वांदरानं पडलेला चेंडू उचलून नेला तर मूळ जागी ठेवायचा. कलकत्त्याला म्हणे पूर्वी वांदर टाकील तिथून खेळत. आमचं वांदर तो टाकतच नाही. संत्रं समजून चावून बघतं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहून फॉरेस्टरसाहेबांनाही त्याची दया येते.

एक गोष्ट मला या खेळात सुरुवातीपासून खटकत होती. यात अंपायर नसतो. प्रत्येकानं आपला दंड आपण सांगायचा, ही या खेळाची शान, असं पुस्तकातच आहे. आमच्या मंडळात प्रत्येकाला दुसऱ्याचे फटके तोंडपाठ असतात. हरवलेला चेंडू शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात. स्वतःचा चेंडू तुरीत गेला की शेठ घड्याळाची चावी विसरतात आणि माझा गेला की मोबाइलवर टायमर लावतात. दलालांनी एकदा स्वतःहून "मले एक दंड लावा" म्हटलं, तेव्हा सगळे चिडीचूप झाले. यात काय डाव असावा यावर रात्री उशिरापर्यंत फोन चालू होते.

पौषात घाटे भरले. चुकीच्या ग्रीनचा वाद चालूच होता, पण वाद उभ्यानं किती घालणार? दलाल ग्रीनच्या काठावर बसून बोलू लागले. बोलता बोलता हात आपोआप बाजूच्या झाडाकडे जाई. दोन घाटे सोलून तोंडात टाकले की मुद्दा सुचे. साडभाऊ पुस्तक मांडीवर घेऊन समोर बसत. पुस्तक डाव्या हातात, उजवा हात मोकळा. शेठना डॉक्टरांनी हिरवं खायला सांगितलं होतं. फॉरेस्टरसाहेब एरवी झाडाला हात लावणाऱ्याकडे जळजळीत नजरेनं बघतात, पण ओल्या हरभऱ्याची गणना ते वृक्षांत करत नाहीत. मी खाल्ले नाहीत. मी घरी नेले. सौभाग्यवतीला सोल्यांची आमटी फार आवडते.

आठवडा-दोन आठवड्यांनी एके दिवशी पुन्हा दलालांचाच चेंडू जुन्या ग्रीनवर थांबला. रिलीफचा ठिकाणा मोजला आणि साडभाऊ मोजता मोजता थबकले. ठिकाणा मोकळ्या जमिनीवर होता. ग्रीनच्या काठापासून काठीभर अंतरापर्यंत, चौफेर, एक झाड शिल्लक नव्हतं. कलम तेराची पूर्तता झाली होती. दलालांनी गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू टाकला, मारला, आणि तो तुरीत हरवला.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला आणि त्या टकलाभोवती एक फेरी मारली. "डुकरं आली होती वाटते."

"नाही," इतका वेळ गप्प असलेला सालदार म्हणाला. "डुक्कर उपटून खाते. टरफलं रुमालावर नाही ठेवत."

भावानं नुकसानीचा आकडा सांगितला. साडभाऊंनी पुस्तकात बघून पाहिलं. पीक खाण्यावर कलम नाही. मग मंडळानं वर्गणी काढून पैसे चुकते केले, आणि वर्गणीत माझा वाटा आमटीमुळे दुप्पट धरण्यात आला. त्या रकमेत बाजारातून जेवढा ओला हरभरा आला असता, तेवढा आम्ही सहा माणसांनी मिळून खाल्ला नव्हता, असं दलालांचं मत आहे. भाव काढायचं काम त्यांचं आहे, तेव्हा ते बरोबर असावेत.

यंदा भावानं पुन्हा हरभराच पेरला आहे. फक्त दोन्ही जुन्या ग्रीनभोवती त्यानं करडीची तीन-तीन तासं टाकली आहेत. ढोरं पिकात शिरू नयेत म्हणून आपल्याकडे काठाला करडी पेरतात, ती जुनीच रीत. माणसांसाठी पहिल्यांदा वापरली. करडीचे काटे पौषात चांगले टोचू लागतात. ज्यांना खेळायला यायचं आहे त्यांनी जाड पँट घालून यावं, आणि चेंडू आपापले आणावेत. आमचे सगळे बगीचेवाल्याकडे पुराव्यात जमा आहेत.